वही कुणाच्या हातात? सुपे, १८७५

(हे एपिसोडचं शब्दांकन आहे. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' जमतील तेवढे गाळलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे १८७५ चा शेतकऱ्यांचा उठाव. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याला 'डेक्कन रायट्स' म्हणतात, आपल्या शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे'. पुस्तकात बहुतेक चार ओळी असतात. सावकारांनी पिळवणूक केली, शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या, सरकारने कायदा केला, धडा संपला. मीही दहावीला एवढंच पाठ केलं होतं.

आधी एक कबुली. मी आण्याचा. जुन्नर तालुक्याचं पार पूर्वेकडचं टोक, आणे पठार. कल्याणहून नगरला जाताना आळेफाटा, बेल्हे सोडलं की घाट लागतो, तो आणे घाट. घाट चढून वर आलं की आमचं गाव आणि थोडं पुढे गेलं की पारनेर तालुका सुरू. पारनेरमध्ये एक सुपा आहे, पुणे-नगर रस्त्यावरचं, एमआयडीसीवालं. दंगा 'सुप्याला' झाला असं वाचल्यावर मी कित्येक वर्षं समजत होतो की तो या आपल्या शेजारच्या सुप्यात झाला. मित्रांना छाती पुढे काढून सांगायचो, "आमच्या बाजूलाच झालं सगळं." ते सुपं वेगळं. दंग्याचं सुपं म्हणजे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलं, आताच्या बारामती तालुक्यातलं. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुपे परगणा होता ना, तेच.

पण गंमत अशी की माझी चूक अगदीच चूक नव्हती. हे लोण पुढे नगर जिल्ह्यात गेलं आणि त्यात पारनेर तालुकाही होता. त्यावर येऊच.

हा विषय आत्ताच का?

गेल्या वर्षी रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला गावी गेलो होतो. आण्याची आमटी-भाकरी ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते, घराघरांतून भाकरी येतात आणि सगळी पंचक्रोशी पंगतीला बसते. त्या पंगतीत बसलो असताना फोन वाजला. मेसेज होता. माझ्या चुलतभावाचं नाव, त्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं की हा माणूस कर्जबुडवा आहे, तुमचा याच्याशी संबंध आहे, त्याला पैसे भरायला सांगा. वर बघितलं तर समोरच्या रांगेत दोघं-तिघं आपापला फोन बघत होते. तोच मेसेज. आणि दादा हातात बादली घेऊन आमटी वाढत होता.

दादाला विचारूनच हे सांगतोय. कांद्याच्या औषधाला आणि मोटर भरून आणायला त्याने दोन ॲपवरून कर्ज घेतलं होतं.

आता कबुली नंबर दोन. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मधली दोन वर्षं मी कर्जवसुलीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. हप्ता चुकला की पहिल्या दिवशी कोणता मेसेज, तिसऱ्या दिवशी कोणता, सातव्या दिवशी कुणाला फोन, हे वेळापत्रक चालवणारा कोड आमच्या टीमचा होता, त्यातला बराचसा माझा. दादाला आलेला मेसेज आमच्या कंपनीचा नव्हता. पण तो कितव्या दिवशीचा असणार हे मी पंगतीत बसल्या बसल्या ओळखलं. घास गिळवेना.

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून फोनवर १८७५ बद्दल वाचत बसलो. मग दोन-तीन महिने वाचतच राहिलो. तर हा एपिसोड तिथून आलाय.

दोन बाजूंची दोन बंडं

आणे पठार मध्यावर धरा. पश्चिमेला जुन्नर आणि आंबेगावचा डोंगराळ भाग, सह्याद्रीची रांग. तिथे महादेव कोळ्यांची वस्ती. दक्षिणेला आणि पूर्वेला शिरूर, पारनेर, श्रीगोंदा हा कोरडवाहू सपाट मुलूख, तिथे कुणबी शेतकरी. १८७३ ते १८७६ या काळात या दोन्ही बाजू सावकारांविरुद्ध उठल्या होत्या. पण दोघांची पद्धत वेगळी होती.

डोंगरात बंडाची परंपरा जुनी. शिवनेरीवर कोळी चौथरा आहे, तो सतराव्या शतकात मोगली अमलाविरुद्ध उठलेल्या आणि मारल्या गेलेल्या कोळ्यांची आठवण म्हणून दाखवतात. इंग्रजांच्या काळात अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे उठले. त्यांचा रोख सावकारांवर आणि सरकारवर होता. १८४८ मध्ये त्यांना पंढरपुरात पकडलं आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. मग १८७३ च्या सुमारास आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचे होनाजी केंगले उभे राहिले. सरकारी कागदांत त्यांचं नाव 'होन्या' असं आहे. बंडखोराचं नाव सरकारी कागदात नेहमी असंच अर्धवट येतं. त्यांची टोळी पुणे, नगर, नाशिक, ठाणे या जिल्ह्यांत फिरली. सावकारांची घरं लुटली, काहींची नाकं कापली. डोंगरगावांतले सावकार घरदार सोडून पळाले. सरकारने होनाजींवर इनाम लावलं आणि १८७६ मध्ये त्यांना पकडलं.

सपाटीवर जे झालं ते वेगळं होतं. तिथे टोळी नव्हती, एक नेता नव्हता. आणि मारायचं होतं ते माणसाला नाही, कागदाला.

कागद इतका महत्त्वाचा का झाला?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी मेख इथे आहे.

सावकार काही इंग्रजांनी आणला नाही. तो आधीपासून होता. पण पेशवाईत सावकाराचं गावाशी जमवून घेतल्याशिवाय चालत नव्हतं. वसुली करायची तर पाटील आणि गावकरी सोबत लागायचे. आपल्याकडे 'दामदुपट'चा नियम होता, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. शंभर दिले तर व्याजाचे जास्तीत जास्त शंभर. नियम काटेकोर पाळला जायचा असं नाही, पण लोकांच्या मनात मर्यादा होती.

इंग्रजांनी रयतवारी आणली. सारा थेट एकेका शेतकऱ्यावर, तोही रोख पैशात, आणि पाऊस पडो न पडो ठरलेल्या तारखेला. आमच्या पठारासारख्या भागात याचा अर्थ काय होतो सांगतो. आमच्या अवतीभोवती कुकडी प्रकल्पाची धरणं आहेत, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे. पण पठार उंचावर, पाणी खाली. आजही उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. दीडशे वर्षांपूर्वी तर विचारूच नका. बाजरी आली तर आली. मग सारा भरायला पैसा कुठून? सावकाराकडून.

दुसरीकडे जमीन आता विकता येणारी वस्तू झाली होती. आणि वाद झाला तर दिवाणी कोर्ट. कोर्ट गावाला विचारत नाही, कोर्ट कागद बघतं. कागदावर काय लिहिलंय, खाली कुणाची निशाणी आहे, विषय संपला. शेतकऱ्याला लिहिता येत नव्हतं. तो सहीच्या जागी नांगराचं चित्र काढून द्यायचा, 'निशाणी नांगर'. वर काय मजकूर आहे हे त्याला लिहिणारा सांगेल तेवढंच कळणार.

मग १८५९ साली एक कायदा आला, मुदतीचा. सरकारचा हेतू चांगला होता. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, म्हणजे व्याज वर्षानुवर्षं साचत राहणार नाही. पण झालं उलटंच. तीन वर्षं पुरी होत आली की सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा. जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज, ही सगळी रक्कम नव्या रोख्यात मुद्दल म्हणून. आता त्यावर व्याज. तीन वर्षांनी पुन्हा तेच. भरलेल्या पैशाची पावती नाही, वही सावकाराच्या घरात. पुढे चौकशी झाली तेव्हा शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांच्या वर व्याज लावल्याचं एक प्रकरण समोर आलं.

दादाच्या दोन कर्जांचा हिशोब मी मांडला तेव्हा मला हे आठवलं. पहिल्या ॲपचा हप्ता थकला, की तेच ॲप नवं कर्ज द्यायचं. त्यातून जुनं फिटायचं, वर नवी प्रोसेसिंग फी. हातात आले होते साडेबारा हजार. चार महिन्यांत देणं दाखवत होतं एक्केचाळीस. आमच्या कंपनीत याला 'रोलओव्हर' म्हणायचे. १८५९ चा सावकार फार तर तीन वर्षांनी रोखा बदलायचा. इथे महिन्याला.

अमेरिकेतली लढाई आणि शिरूरचा शेतकरी

हे झालं यंत्र. त्यात तेल पडलं ते अमेरिकेतून. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध सुरू झालं. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या कापसातला तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा, तो जवळजवळ थांबला. सगळे हिंदुस्थानाकडे वळले. मुंबईचे व्यापारी सावकारांना पैसे देऊ लागले, सावकार शेतकऱ्याला. कापूस लावणार म्हटलं की एकरी शंभर रुपये आगाऊ. तोपर्यंत हात पसरावा लागायचा, आता पैसाच दारात उभा. फायदा थोड्या मोठ्या शेतकऱ्यांना झाला, बाकीच्यांच्या वाट्याला मोठं कर्ज आलं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले, मुंबईतला शेअरचा फुगा त्याच वर्षी फुटला. आता सावकारांनीही हात आखडला. जुनी वसुली करायची, नवं द्यायचं नाही. आणि नेमकी याच वेळी सरकारी सारा वाढवायची मुदत भरली. जुनी आकारणी तीस वर्षांची होती, ती संपल्यावर नवी आली. कित्येक गावांत सारा पन्नास टक्क्यांपासून दुपटीपर्यंत वाढला. पुण्याची सार्वजनिक सभा, सार्वजनिक काका आणि मंडळी, तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून हेच सांगत होती.

म्हणजे बघा, भाव पडलेले, सारा वाढलेला आणि सावकाराचं दार बंद. शेतकऱ्याला सावकाराचा राग कर्ज दिलं म्हणून आला नव्हता. इतकी वर्षं ज्या नात्यावर घर चाललं, ते नातं त्याने अडचणीत तोडलं आणि वर कोर्टाची जप्ती आणली, याचा राग होता.

करडे आणि सुपे

ठिणगी पडली शिरूर तालुक्यातल्या करडे गावात, १८७४ च्या अखेरीस. काळूराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांसाठी कोर्टाचा हुकूम मिळवला आणि त्यांचं घर पाडायला घेतलं. देशमुख म्हणजे गावातलं मानाचं घर. गावाला वाटलं, याचं हे होतं तर आपलं काय? गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. त्याच्या दुकानात जायचं नाही, त्याचं शेत कसायचं नाही, बलुतेदारांनी त्याचं काम करायचं नाही. सावकाराला गाव सोडावं लागलं. मग गावोगाव असे बहिष्कार सुरू झाले. काही ठिकाणी गावकऱ्यांनी चक्क लेखी करार केले, की जो सावकाराला साथ देईल तोही वाळीत. कागदाला उत्तर कागदाने.

पाच-सहा महिने हे असं शांतपणे चाललं. मग १२ मे १८७५. सुप्याचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून माणसं जमलेली. सुपं ही मोठी बाजारपेठ, गुजर-मारवाडी सावकारांची दुकानं आणि घरं तिथे. जमाव त्यांवर चालून गेला. मागणी एकच, वह्या आणि रोखे बाहेर काढा. कलेक्टर १५ तारखेला पोचला तेव्हा रस्त्यात राखेचे ढीग तसेच होते. एक घर जळालं होतं, डझनभर घरं फोडून रिकामी केली होती. कागदपत्रं, धान्य, कापड रस्त्यात आणून पेटवलं होतं. पन्नास जणांना तिथेच पकडलं. नुकसानीचा सरकारी अंदाज पंचवीस हजार रुपयांच्या वर, सावकार म्हणत होते लाखाच्या वर.

तिथून दोन महिन्यांत हे साडेसहा हजार चौरस किलोमीटरमध्ये पसरलं. पुणे जिल्ह्यात शिरूर, भीमथडी, इंदापूर हा भाग, नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदा, कर्जत. तीसहून जास्त गावं. सगळीकडे पद्धत सारखी. आधी कागद मागायचे. दिले तर बऱ्याचदा जमाव बाकी कशाला हात न लावता निघून जायचा. नाही दिले तर कडबा पेटायचा, घर फुटायचं. माणसं मारण्याचे प्रकार जवळजवळ नव्हते. डोंगरातल्या नाक कापण्याशी तुलना केली की हा फरक जाणवतो.

आणखी एक गोष्ट. गावोगाव वावडी उठली होती की सरकारनेच, खुद्द राणीने, सावकारांकडून रोखे काढून घ्यायचा हुकूम दिलाय. म्हणजे आपण करतोय ते कायद्याविरुद्ध नाहीच, अशी समजूत. मला यात भोळेपणा कमी आणि गरज जास्त दिसते. माणूस इतकं मोठं पाऊल उचलतो तेव्हा वरचं कुणीतरी आपल्या बाजूने आहे असं मानणं त्याला हवं असतं.

कामाच्या भाषेत बोलायचं तर या माणसांना सिस्टीम पूर्ण कळली होती. अक्षरओळख नसलेल्या माणसांना. कोर्ट दूर आहे, पोलीस दूर आहेत, जमीन जाळता येत नाही. पण हे सगळं ज्या एका जागेवर उभं आहे ती जागा आपल्याच गावात, सावकाराच्या पेटीत आहे आणि तिची दुसरी प्रत नाही. बॅकअप नव्हता. वही जळली की कर्ज गेलं.

सावकाराची बाजू

इथे थांबून दुसरीकडून बघायला हवं, नाहीतर हा एपिसोड घोषणा होईल. जमावाचा रोख प्रामुख्याने मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. गावातले स्थानिक सावकारही व्याज लावायचे, पण बऱ्याच ठिकाणी ते वाचले. बाहेरचा माणूस म्हणून राग काढणं सोपं जातं. सुप्यात ज्यांची घरं फुटली त्या घरांत बायका-मुलं होती. त्या रात्री त्यांना काय वाटलं असेल याचा विचार केल्याशिवाय या उठावाला टाळ्या वाजवणं मला जमत नाही. शिवाय सावकाराच्या मागेही मोठा सावकार होता, पार मुंबईपर्यंत. तोही साखळीतलाच. माझ्यासारखा. हे मला सोयीचं आहे म्हणून नाही म्हणत. पण साखळीत आहोत म्हणून हात झटकता येतात का, हा प्रश्न तेव्हाही होता.

मग काय झालं?

सरकारने पोलीस आणले, लष्कर आणलं, गावागावांत चौक्या बसवल्या. एकूण ९५१ लोकांना अटक झाली, त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना शिक्षा झाल्या. १८५७ ला वीस वर्षंही झाली नव्हती, सरकार घाबरलेलं होतं. चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला. आयोगाने शेतकऱ्यांच्या, सावकारांच्या जबान्या घेतल्या, व्याजाचे आकडे, भाव, सारा सगळं गोळा केलं. आणि निष्कर्ष काय? दोष सावकाराचा. साऱ्यामुळे हे झालं असं नाही. सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारला निर्दोष सोडलं. पण त्याच अहवालातली माहिती वाचूनच पुढच्या लोकांनी उलटा निष्कर्ष काढला, हेही खरं.

मग १८७९ चा कायदा, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना लागू. यात एक कलम मला सगळ्यात मोठं वाटतं. कोर्टाने नुसता कागद बघायचा नाही. व्यवहार पहिल्यापासून उघडायचा. मूळ किती दिले, किती परत आले, व्याज किती लावलं, हे सगळं तपासायचं आणि मग खरं देणं ठरवायचं. देणं हप्त्याने फेडायची मुभा. कर्जासाठी तुरुंग नाही. जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिली नसेल तर तिचा लिलाव नाही. शेतकऱ्याचे रोखे सरकारी अधिकाऱ्यासमोर लिहायचे. या कायद्याखालच्या कामासाठी नेमलेल्या न्यायाधीशांत पुढे न्यायमूर्ती रानडेही होते.

कायद्याने सगळं सुटलं का? नाही. पळवाटा निघाल्या. गहाणखताऐवजी थेट विक्रीखत लिहून घेऊ लागले, तोंडी सांगायचं 'पैसे दिलेस की परत करतो'. शिवाय कायदा येईपर्यंत १८७६-७८ चा भयानक दुष्काळ येऊन गेला होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदारांसह पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारीला, सावकारांवरच. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात सावकार एकटा नाही, सारा, नोकरशाही, भटशाही सगळी साखळी येते. आणि आमच्याच तालुक्यात, ओतूरला, बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ मध्ये ब्राह्मण पुरोहित न बोलावता घरची लग्नं लावली, त्यावर कोर्टकचेरी झाली. विषय वेगळा दिसतो, पण मला धागा तोच वाटतो. लिहिणारा, वाचणारा, हिशोब ठेवणारा दुसरा कुणीतरी आणि आपण फक्त निशाणी करायची, हे बंद करायचं होतं.

म्हणून 'दंगा' हा शब्द मला खटकतो. तो कलेक्टरचा शब्द आहे. सहा महिने लेखी बहिष्कार, मग ठरवून फक्त कागदावर हल्ला, याला मी उठाव म्हणेन. १ जून २०१७ ला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हाही अर्ध्या बातम्या रस्त्यावर ओतलेल्या दुधाबद्दल होत्या. हिशोबाबद्दल कमी.

आता पेटी कुठे आहे?

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी, दादा आणि तात्या, म्हणजे त्याचे वडील, ओट्यावर बसलो. तात्या एकच वाक्य म्हणाले, "आमच्या वेळी सावकार निदान तोंड दाखवायचा." दादा मान खाली घालून बसलेला. तो मला म्हणाला, "तुला तर सगळं माहिती असंल ना रे यातलं?"

मला माहिती होतं. म्हणूनच काय बोलावं कळेना. मग त्याला सांगितलं मी काय काम करायचो ते. तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, "बरं मग, आता तूच काढ हिशोब."

जाळायला काही नव्हतंच. वही कुठल्या तरी सर्व्हरवर, तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी. फोन फोडला तरी कर्ज तिथेच. मग आम्ही १८७९ चं कलम वापरलं, म्हणजे घरगुती. पहिल्यापासून हिशोब उघडला. बँकेच्या पासबुकावरून खरोखर हातात आलेले पैसे, भरलेले पैसे, फी, दंड, सगळं वहीत लिहिलं. दादाच्या हाताने, मुद्दाम. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम काढलेत. त्यानुसार ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट बघायचाच अधिकार नाही. तो मुद्दा आणि हा हिशोब लावून लेखी तक्रार केली. घरातून पैसे उभे करून खरं देणं फेडलं. वरची रक्कम एका ॲपने सोडली. दुसऱ्याशी भांडण अजून चालू आहे.

आणि मी? नोकरी आधीच बदलली होती, पण पगार वाढतो म्हणून, तत्त्वासाठी नाही. ते वेळापत्रक लिहिताना मला एकदाही वाटलं नव्हतं की सातव्या दिवसाचा फोन ज्याच्याकडे जातो तो पंगतीत बसलेला असू शकतो. स्क्रीनवर तो नुसता एक क्रमांक होता. सुप्याच्या सावकाराला निदान कर्जदाराचं तोंड माहिती होतं.

त्या लोकांनी वह्या जाळल्या म्हणून आपण त्यांना आठवतो. पण मला वाटतं त्यांना राख नको होती, हिशोब हवा होता. तो कुणी दाखवेना, म्हणून राख झाली. तेव्हा मंडळी, तुमच्या घरात, गावात असं कुणी अडकलं असेल तर लाजून गप्प बसू देऊ नका. शेजारी बसा, वही घ्या, पहिल्या रुपयापासून लिहा. आणि माझ्यासारखं कुणी त्या स्क्रीनच्या पलीकडे बसलं असेल, तर त्यानेही.

पुढच्या भागात जांभोरीला जायचा विचार आहे, होनाजी केंगल्यांच्या गावाला. त्या भागातल्या कुणाकडे घरात ऐकलेल्या आठवणी असतील तर जरूर कळवा. भेटू.